खिडकी बंद आहे

मी पाटी बोलतेय. लाकडी, हातभर लांबीची. 'खिडकी बंद आहे' एवढंच माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, त्यामुळे मला आणखी काही सांगायचं असेल असं कुणाला वाटतच नाही.

रंगाऱ्यानं मला पक्क्या रंगाचे दोन हात दिले. "आता पुसून दाखवा!" म्हणाला. मी केवढी हुरळले होते!

मग दाखल्यांच्या कार्यालयात आले. तिथं तीन खिडक्या. जन्माच्या खिडकीवर वहिनी, मृत्यूच्या खिडकीवर धाकटी, विवाहाच्या खिडकीवर हेडक्लार्क मामा. मामांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि सरळ खणात टाकलं. "हिला इथं काय काम?"

खरंच नव्हतं. कुणाला उठायचं असलं की शेजाऱ्याला एवढंच म्हणायचं, "सरका." शेजारी चाकांची खुर्ची ढकलत त्या खिडकीशी यायचा. बाहेरच्या रांगेला कळायचंसुद्धा नाही.

धाकटीचे वडील अंथरुणाला खिळलेले. दुपारी त्यांना चार घास भरवायला, कूस बदलून द्यायला ती घरी धावायची. वहिनी सरकायच्या. "जा, पळ. जन्माला घालून कंटाळले, आता जरा मारते!" त्यांच्या बाळंतपणात धाकटीनं दोन्ही खिडक्या सांभाळल्या होत्या. त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. अंधाऱ्या खणात मी त्यांचं हसणं ऐकत पडून राहायची. बिनकामाची, पण सुखी.

मग नवे साहेब आले, कर्मचारी व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला: 'सहकार्य हाच प्रशासनाचा पाया'. टाळ्या झाल्या. त्याच बैठकीत ते म्हणाले, "ज्याची खिडकी त्यानंच सांभाळायची. दर महिन्याला गुण. पहिल्याला प्रशस्तिपत्र, शेवटच्याची बदली."

"पण साहेब, मग सरकायचं कसं?" मामांनी विचारलं, आणि ती रीत समजावून सांगितली.

साहेब हसले. "याला आम्ही कामचुकारपणा म्हणतो."

तरी वहिनी सरकल्या. तेवढ्यात त्यांची स्वतःची रांग तुंबली, गुण घसरले, वर मेमो मिळाला. दुसऱ्या दुपारी धाकटी म्हणाली, "वहिनी, सरकता?"

वहिनींनी मान वर केली नाही. "माझी रांग बघतेस ना गं?"

धाकटीनं मामांकडे पाहिलं. मामा शिक्क्याची शाई नीट करत बसले.

खण उघडला. उजेड अंगावर आला आणि मी दचकले. धाकटीनं मला बाहेर काढलं होतं. तिनं मला खिडकीत उभं केलं. समोर बायकोच्या मृत्यूचा दाखला न्यायला आलेला माणूस होता. त्यानं मला एकेक अक्षर लावून वाचलं आणि पायरीवर जाऊन बसला. मला पाठ फिरवावीशी वाटली. पण पाटीला स्वतःहून कुठं वळता येतं?

मग रोजच दुपारी मी. महिनाअखेरीस धाकटी शेवटची आली. बदली इतकी लांब, की दुपारी घरी येणं अशक्य.

"वडिलांना कोण बघणार, साहेब?" या खेपेला मामा बोलले. फार उशिरा बोलले.

"तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे."

निघताना धाकटीनं आपला कप उचलला. वहिनी दारापर्यंत गेल्या. "रागावली नाहीस ना माझ्यावर?"

"तुम्ही तरी काय करणार, वहिनी," ती म्हणाली. आणि जाता जाता तिनं, सवयीनं, मला खिडकीत सरळ केलं.

तिच्या जागी कुणी आलंच नाही. आता मी दिवसभर उभी असते. वहिनींचं प्रशस्तिपत्र त्या तक्त्याखाली चिकटवलंय. काल त्यांच्या लेकाच्या शाळेतून फोन आला, पोरगं जिन्यावरून पडलं होतं. वहिनी अर्धवट उठल्या. "मामा, सर..." पुढचं गिळलं. मामांनी आपल्या रांगेतला पुढचा माणूस बोलावला.

"पाटी कुठंय?" वहिनींनी विचारलं. मी तर धाकटीच्या खिडकीत अडकलेली.

साहेबांनी आज आणखी दोन पाट्या रंगवायला दिल्यात.

रंगारीदादा, ऐकतोस का? त्या दोघींना कच्चा रंग दे. कुणाच्या घामेजल्या हातानंही पुसला जाईल इतका कच्चा. माझं आता काही होणार नाही. मला तू फार पक्कं करून ठेवलंस.