रिकाम्या खाटेचं काळीज

आमच्या ह्यांचा छातीवरच्या केसांवर भारी जीव. मागे खामगावच्या दवाखान्यात इसीजीच्या चिकट पट्ट्या ओढताना त्यातले थोडे गेले, तेव्हापासून नीळकंठरावांनी जाहीर केलं, "मरन पत्करलं, पन त्या पट्ट्या नाई."

दिवाळीपासून मात्र ओटा चढला की ते मटकन बसायचे. छातीत मधूनच फडफडतं, असं हळूच मला सांगितलं आणि वर दम, की पोरीला कळवायचं नाही. मी लगेच कळवलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आमची पोरगी हिमानी अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिनं स्वतः केलेली चटई आणली. खाटेवर अंथरायची, वर चादर. कपड्यातूनच ठोके कळतात, अंगाला काही लावायचं नाही. पण तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर नुसता गिचमिडा. "घरातल्या विजेची गुणगुण आहे, आई," म्हणाली. तिनं मेन स्विच बंद केला, मागच्या कुंपणाजवळ लोखंडी सळई पुरून पाणी ओतलं, गुणगुण जमिनीत मुरावी म्हणून चटईची तार तिला जोडली. गिचमिडा गेला. टक, टक, टक, सारखे ठोके.

झालं! हे पारावर सांगत सुटले, "माह्या दिलावर घड्याळ लावा." मी दवाखान्यात नंबर लावला होता, तोही रद्द करवला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे भाऊराव चटईवर आडवे झाले. तेच ठोके. दोघं इतके खूश, की मांडीला मांडी लावून चहाला बसले. मी कप ठेवता ठेवता पडद्याकडे पाहिलं.

"तुमी दोघं इथं चहा पिऊन राह्यले," मी म्हटलं, "मंग खाटेवर कोनाचं कायीज ठोकून राह्यलं?"

हिमानीनं कपाळावर हात मारला आणि मागे धावली. भाऊरावांच्या कपाशीत रोही, म्हणजे नीलगाय, शिरू नये म्हणून तारेचं कुंपण आहे, त्याला झटका मशीन. मशीन सेकंदागणिक तारेत झटका सोडतं. त्याची जमिनीत पुरलेली सळई आणि आमची सळई अगदी शेजारी शेजारी, म्हणून तेच झटके आमच्या चटईत! गावभर मिरवलेलं काळीज मशीनचं होतं.

"भाऊरावकाका, थोडा वेळ बंद करता?"

भाऊरावांनी कपाशीकडे पाहिलं. अळी लागत नाही म्हणून बीटी बियाणं पेरलं, तरी अर्धी बोंडं अळीनं खाल्ली होती. उरलेल्यावरच त्यांचं घर. "बंद करतो," शेवटी म्हणाले, "मी सोता उभा राह्यतो वावरात."

संध्याकाळ होती, रोह्यांची वेळ. बाहेर रोही हाकलायला भाऊरावांचा पत्र्याचा डबा वाजू लागला. हिमानीनं सळई लांब, तुळशीपाशी पुरली. हे खाटेवर आडवे झाले.

दोन ठोके घाईघाईत. मग काहीच नाही. मग तीन, एकावर एक.

हिमानी पडद्याजवळ वाकली. ह्यांनीच विचारलं, "हे भाऊरावच्या डब्याचं तं नाई ना येऊन राह्यलं?"

हिमानीनं नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरले होते. माझ्या ओठावर आलेला टोमणा मी गिळला.

"सुलभा," हे उठून बसत म्हणाले, "सकायच्या बसनं जाऊ खामगावले. अन् माहा वस्तरा दे. केस मीच काढतो, त्या नर्सबाईच्या हाती नाई देत."

मी आरसा धरून उभी राहिले.

"हालवू नको न वं," ते म्हणाले.

बाहेर डबा वाजतच होता. भाऊरावांना, आता मशीन चालू करा, म्हणायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.