वाजणारे कप

पहिला आवाज आला तेव्हा थोरली वाकून टेबलाखाली खोकी सरकवत होती. टिंग. कोणाच्या तरी किल्ल्या असतील असं तिला वाटलं. दुसऱ्या आवाजाला ती सरळ उभी राहिली. तिसरा तिच्या समोरच्या कपातून आला, आणि त्या कपाला कोणी हातही लावलेला नव्हता.

थंडी सरत आली की त्या मैदानात कारागिरांचा मेळा भरे. हातानं केलेल्या वस्तूच तिथे विकायच्या, असा नियम होता. दोघी जावांना यंदा पहिल्यांदाच जागा मिळाली होती. थोरली चाकावर कप, वाडगे घडवायची, भट्टी लावायची. धाकटी विकायची. एका बाजूला लाकडी कंगव्यांचं दुकान होतं आणि दुसऱ्या बाजूला चहावाला.

घरामागच्या खोलीत त्यांची भट्टी होती आणि ती खोली दोघींच्या नवऱ्यांना रंगाच्या दुकानाचं गोदाम म्हणून हवी होती. सकाळी निघताना थोरलीचा नवरा टेप घेऊन भट्टीची रुंदी मोजत होता. आवाज न चढवता तो म्हणाला होता की आज काय होतं ते बघू, नाहीतर उद्या गवंड्याला बोलावतो. त्याचा तो समजूतदार सूर तिला दिवसभर पुरला.

टिंग. आता मागच्या फळीवरून.

काय झालंय हे तिला कळलं होतं. नेहमीची झिलईची पूड बाजारात मिळेना, म्हणून तिनं दुसरी आणली होती. खापरीच्या तुकड्यावर लावून पाहिली, तर असा निळा रंग आला की ती भुललीच. एरवी ती तो तुकडा उकळत्या पाण्यात आणि मग गार पाण्यात टाकून चिरतो का ते बघायची. या वेळी घाईत ते राहून गेलं. भट्टीतून निघाल्यावर माती आणि झिलई दोन्ही आकसतात. ही झिलई मातीपेक्षा जास्त आकसणारी होती. धुऊन आटलेला सदरा अंगावर ताणून चढवावा तशी ती प्रत्येक कपावर बसली होती. आदल्या रात्री सामान मांडवातच ठेवलं, थंडी पडली, आणि ती उसवायला लागली. डोळ्यांजवळ धरल्याशिवाय दिसणार नाहीत अशा बारीक चिरा. कप पातळ होते. त्यांतल्या एखाद्यात उकळता चहा ओतला की तो उभा चिरेल, नाहीतर बुडातून सुटेल.

तिकडे धाकटीच्या भोवती गर्दी जमली होती. तिनंही आवाज ऐकला होता आणि तिला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. ती गिऱ्हाइकांना सांगत होती की आमचे कप बोलतात, जरा गप्प राहून ऐका. माणसं खरोखर गप्प राहत होती. कपाला कान लावत होती, हसत होती आणि विकत घेत होती.

थोरलीनं तिला दंडाला धरून मागच्या पडद्याआड नेलं आणि सगळं सांगितलं.

धाकटीनं पडदा जरासा सारून बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सगळे थोडेच फुटतील. काही टिकतील की."

"कोणते टिकतील ते मला सांगता येत नाही. तेच तर वाईट आहे."

"मग पेनं ठेवायला म्हणून विकू."

"कपाला कान असला की माणूस त्यात चहा ओततोच."

"ताई, तू घडवतेस आणि मोकळी होतेस. खोली गेली तर मी कुठे जाऊ? पुन्हा दुकानाच्या गल्ल्यावर बसून दोघा भावांची बोलणी खात बसू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिनं पडद्यालाच पुसलं आणि चेहरा नीट करून बाहेर गेली.

थोरली तिथेच उभी राहिली. बाहेर जाऊन ओरडून सांगावं असं तिला वाटत होतं. पण दुपारपर्यंत थांबू, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुपार झाल्यावर, ही एवढी गर्दी ओसरू दे, असं सांगितलं. टिंग, टिंग चालूच होतं. प्रत्येक आवाजाला धाकटीचा सूर थोडा उंच होत होता.

मग चहावाल्याचे कागदी कप संपले. तो हसत आला. कागदी कपातून लोक पुठ्ठ्याचा काढा पितात, आज जरा ऐट करू, असं म्हणून त्यानं निळ्या कपांची अख्खी रांग मागितली. दिवसभरातली सगळ्यात मोठी विक्री होती ती. धाकटीनं थोरलीकडे न पाहता कप त्याच्या हवाली केले.

थोरली पोचली तेव्हा ते टेबलावर मांडून झाले होते. समोर माणसं उभी होती, त्यांत कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. चहावाल्यानं किटली उचलली होती.

"थांबा," ती म्हणाली. "कोणाच्या हातात देऊ नका. आधी नुसतं ओतून बघा."

"का हो बाई? चहा आवडत नाही का या कपांना?"

त्यानं पहिल्या कपात ओतला. काही झालं नाही. दुसऱ्यातही नाही. मागून आलेल्या धाकटीनं तिचा हात घट्ट धरला, आणि क्षणभर थोरलीलाही वाटलं की आपला अंदाजच चुकला असेल, कप ठीक असतील. आयुष्यात तिला आपली चूक एवढी हवीशी कधी वाटली नव्हती.

तिसरा कप बुडातून सुटला. आवाजही फार झाला नाही. चहा टेबलभर पसरला आणि कडेवरून खाली ठिबकू लागला. ती बाई मुलाला घेऊन मागे सरकली.

त्यानंतर थोरली मांडवासमोर उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली की कप घेतला असेल तर वापरू नका, परत द्या. धाकटी पैसे परत करत होती. कोणी चिडलं, कोणी कीव केली. एक म्हातारा म्हणाला की मी शोभेला ठेवीन. त्याच्या हातातूनही तिनं कप काढून घेतला.

संध्याकाळी दोघी ते सगळे कप खोक्यांत भरून घरी आल्या. मागच्या खोलीत दोघं भाऊ उभे होते. टेप थोरल्याच्या हातात होती.

"काय, किती खपले?" त्यानं विचारलं.

"सगळे," धाकटी म्हणाली. थोरलीनं तोंड उघडण्याआधीच. "खोकी रिकामी आहेत. पुढच्या मागण्यासुद्धा आल्यात."

दोघं भाऊ एकमेकांकडे पाहायला लागले. थोरल्यानं टेप हळूहळू गुंडाळायला घेतली. थोरलीला त्या टेपवरून नजर काढता येईना. ती गुंडाळली जात होती, आणखी थोडी राहिली होती.

टिंग.

"काय वाजलं?" धाकटा म्हणाला.

धाकटी मोठ्यानं खोकली. मग उगाच पुन्हा खोकली. तिनं पायानंच खोकं भिंतीकडे सरकवलं, आणि त्या धक्क्यानं आत दोन-तीन कप एकापाठोपाठ वाजले. सकाळी याच आवाजाला ती हसून मान डोलवत होती. आता प्रत्येक टिंगला ती दचकत होती.

थोरली खाली बसली आणि दोघा भावांच्या देखत तिनं खोक्याचं झाकण उघडलं.