न हललेला हात

डॉक्टर भूपेंद्रचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते लपवण्याचं. चहाचा कप डाव्या हातात गेला, सही आखूड झाली. दवनीवाड्यापासून बिरसीपर्यंतची माणसं त्याच्या गोंदियातल्या दवाखान्यावर डोळे झाकून विश्वास टाकत, आणि हा विश्वास सोडायची त्याची तयारी नव्हती. थरथर केसाएवढीच होती. पण मोतीबिंदू काढताना भिंगामागच्या ज्या पडद्याला जपायचं तो कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो, तिथे केसाएवढंही फार होतं.

मग त्याने डोकं चालवलं. ऑपरेशनच्या टेबलाला घट्ट बसणारा स्टीलचा दांडा, वर मनगट टेकायला खोबण. राईस मिलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याकडून त्याने तो मनासारखा होईपर्यंत बदलून घेतला. थर्माकोलात बोकडाचे डोळे रोवून सराव केला. चिमट्याचं टोक असं स्थिर राही, की आपल्या गड्याला तरुणपण परत आल्यासारखं वाटलं.

थिएटरमधली नर्स रुचिका एकदा म्हणाली, "सर, पहले तर तुम्ही हात पेशंटच्या कपाळावर टेकवत होते ना?"

"कपाळ हलतं, टेबल हलत नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश झाला. त्या दांड्यावर बरीच ऑपरेशनं निर्विघ्न पार पडली.

मग दवनीवाड्याहून धुरपता आली. त्याच्या आईची थोरली बहीण, त्याची मोठीमाय. आई गेल्यावर बिड्या वळून वळून तिनेच त्याला वाढवलं होतं. धानाचं कुसळ लागून तिचा डावा डोळा तरुणपणीच गेलेला, आणि आता उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. उरला तो एकच डोळा, म्हणून त्याने तिला नागपूरला चल म्हटलं.

"नागपूरले कायले? घरचा हात सोडून मी दुसऱ्याच्या हाताखाली काऊन जाऊ?"

तो विरघळला. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं, कारण नागपूरला नेलं असतं तर का नेतोय तेही सांगावं लागलं असतं.

रुचिकाने नेमाप्रमाणे विचारलं, "आजी, खोकला आहे का?"

"नाई वो," म्हातारी म्हणाली. हो म्हटलं तर हे लोक ऑपरेशन पुढे ढकलतील, ही तिला धास्ती. भूपेंद्र शेजारीच उभा होता. तंबाखूच्या धुळीने जडलेला तो खोकला ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता, त्या खोकल्याच्या कुशीत झोपला होता. इतका ऐकला होता, की आताशा त्याला तो ऐकूच येत नसे. त्याने मान हलवून पुढे चला म्हटलं.

ऑपरेशनच्या टेबलावर डोळ्यातलं भिंग अर्धं सुटलं आणि ती खोकली. एकदाच. डोकं उसळलं. हात कपाळावर असता तर कपाळाबरोबर तोही वर गेला असता. वर्षानुवर्षं तसाच जात आला होता. बोकडाचे डोळे खोकत नसतात, हे त्या शहाण्याला तेव्हा कळलं. हात दांड्यावर होता तिथेच राहिला, आणि डोळा चिमट्याच्या टोकावर येऊन आदळला.

शेवटी नागपूरला न्यावंच लागलं. तिथल्या डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला, मग नाही म्हणून सांगितलं. धुरपताला आता उजेडही कळत नव्हता.

सगळं खरं सांगायचं ठरवून भूपेंद्र दवनीवाड्याला गेला. अंगणात शेजारणी जमल्या होत्या. त्याची चाहूल लागताच म्हातारीनेच बोलणं सुरू केलं.

"मीच मेली खोकलली. ह्याचा काय दोष, बाई? ते नर्सबाईच सांगे, हात कसा, खुटा गाडल्यासारखा होता. जराही नाई हालला."

शेजारणी हळहळल्या, डॉक्टरकडे कौतुकाने पाहू लागल्या. भूपेंद्रला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने चाचपत चाचपत त्याचा उजवा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आता काऊन थरथरून राहिला रे?" ती म्हणाली. "माह्यासाठी रडू नको, बाबू. माही जिंदगी झाली. तुले अजून लय डोळे करायचे आहेत."

त्याचे डोळे कोरडे होते. पण तसं सांगायला त्याला तोंड उघडता आलं नाही.