डाळिंबी कोटाची तिसरी गुंडी

मित्रांनो, मी एक जुना बिनबाह्यांचा कोट आहे. रंग डाळिंबी, खिसे दोन, गुंड्या पाच होत्या. माझ्या स्वभावात एक खोड आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. मला हेवा फार वाटतो. दुसऱ्याच्या अंगावरचा कापूस बघूनही माझ्या पोटात दुखतं. तुम्ही म्हणाल, कोटाला कसलं पोट? अस्तर असतं ना, तेच.

तुम्ही टीव्हीवर प्रश्नमंजूषा पाहता. पुढे खेळणारे दोघे उभे असतात आणि मागे माणसं टाळ्या वाजवत असतात. त्या मागच्या माणसांनी काय घातलंय हे तुम्ही कधी पाहिलंय का? नसेल पाहिलं. चार वर्षं मी तेच होतो.

माझा जन्म म्हैसूरच्या शिवरामपेठेत, दामोदरराव शिंप्यांच्या दुकानात झाला. त्यांच्या घरी मराठी बोलतात, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि मापं मात्र आजोबांपासून कन्नडमध्येच मोजतात. तेव्हा सरस्वतीपुरममधलं एक सभागृह भाड्याने घेऊन टीव्हीवाले प्रश्नमंजूषेचं शूटिंग सुरू करणार होते. त्यांच्यापुढे एक अडचण होती. प्रेक्षकांना पाठवलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असे की पांढरं घालू नका, दिव्यांत ते भगभगतं. बारीक चौकडी नको, पडद्यावर ती मुंग्यांसारखी चालू लागते. काळं नको, तिथे नुसतं भोक दिसतं. पण म्हैसूरचा जुना माणूस चार लोकांत जायचं म्हटलं की खळ घातलेला पांढरा शर्टच काढतो. त्याला दारातून परत कसं पाठवायचं? म्हणून एकरंगी, भडक असे चाळीस कोट शिवून घ्यायचं ठरलं. पांढऱ्यावरून चढवायचा, शूटिंग संपलं की काढून द्यायचा. त्या चाळिसांतला मी एक.

दामोदररावांनी मला बेतलं तेव्हा त्यांचा हात माझ्यावरून असा फिरला की मला वाटलं, हा माणूस माझाच. त्यांनी खांदा दोनदा उसवून पुन्हा बसवला. गळपट्टीच्या आत लाल दोऱ्याचे तीन बारीक टाके घातले. त्यांच्या घराण्यात शिवलेल्या प्रत्येक कपड्याला ही खूण असते, पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. मी आपला फुशारलो. मग त्यांनी मला उचललं आणि गुंड्या लावायला मुलीकडे फेकलं.

तिचं नाव तुंगा. एकोणीस-वीस वर्षांची असेल. ती मशीनच्या चाकाला पुस्तक टेकवून बसायची आणि सुईपेक्षा पानांकडेच जास्त बघायची. राजधान्या, नद्या, कुठल्या साली काय झालं, हे सगळं तोंडाने पुटपुटत ती माझ्यात सुई खुपसत होती. दामोदररावांचा नियम असा की गुंडीला चार फेरे घालायचे, खाली दोऱ्याची मान गुंडाळायची, मगच गाठ. तुंगाने दोन फेरे घातले आणि पान उलटलं. पाचही गुंड्यांना तिने दोन-दोनच फेरे दिले. उरलेले दोन फेरे त्या पुस्तकाने खाल्ले, असं मी आजही म्हणतो. त्या दिवसापासून मला पुस्तकाचा राग आणि तुंगाचा हेवा. कारण एवढं करूनही संध्याकाळी दामोदरराव तिला कन्नडमध्ये ‘साकु’, म्हणजे आता पुरे, असं म्हणाले आणि तिच्यापुढे कॉफीचा लोटा ठेवला. मला मात्र घडी घालून गठ्ठ्यात दाबलं.

सभागृहात आमचा कारभार चिदंबर नावाच्या गृहस्थाकडे होता. बारीक अंगाचा, घाईत असलेला, पण मनाने चांगला माणूस. तो आम्हाला हँगरवर लावी, घामट झालो की वाऱ्यावर टाकी आणि दारात उभा राहून आलेल्या प्रत्येकाला नखशिखांत बघे. एका दिवसात तीन-तीन भागांचं शूटिंग व्हायचं. लोक तेच आणि दिवस वेगळा दाखवायचा, म्हणून प्रत्येक भागानंतर माणसांच्या जागा आणि कोट बदलायचे. सकाळी ज्याच्या छातीवर मी असे, दुपारी त्याच्यावर दुसराच असे. मी कारकुनांच्या अंगावर बसलो, निवृत्त मास्तरांच्या बसलो, टी. नरसीपूरहून आलेल्या एका ऊसवाल्याच्या अंगावर बसलो. टाळ्या खूप ऐकल्या. त्यातली एकही माझ्यासाठी नव्हती.

आमच्यात एक मोरपंखी कोट होता. सेटच्या रंगाशी तो जुळतो म्हणून त्याला कायम पहिली रांग. मला चौथी नाहीतर पाचवी. त्याच्याकडे बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. पण खरा हेवा कुणाचा वाटे सांगू? माझ्या खाली झाकलेल्या पांढऱ्या शर्टांचा. पडद्यावर ते दिसत नसत, तरी शूटिंग संपलं की ते माणसाबरोबर घरी जात. तिथे त्यांना कुणीतरी धुई, कुणीतरी इस्त्री करी, फाटलं तर ठिगळ लावी. मी टीव्हीवर दिसे आणि हँगरवर राही.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी दारातून दामोदरराव आत आले. अंगात पांढरा शर्ट. मी त्यांना लगेच ओळखलं. तुंगाची खेळायला निवड झाली होती आणि खेळणाऱ्याच्या घरचा एक माणूस पहिल्या रांगेत बसवायची तिथे पद्धत होती. चिदंबरचा हात सवयीने मोरपंखीकडे गेला. पण तो आधीच कुणाच्या तरी अंगावर होता. मग त्याने मला काढलं.

मित्रांनो, तो क्षण मी दुकान सोडल्यापासून मनात शिवत होतो. दामोदररावांनी मला अंगात घातलं. आणि त्यांनी मला ओळखलंच नाही. परक्याची वस्तू चढवावी तसं चढवलं, पाचही गुंड्या न बघता लावल्या आणि मान उंच करून तुंगा कुठे उभी आहे ते शोधू लागले.

गुंड्या लावता लावता ते चिदंबरला मनातलं सांगत होते. तुंगाला विद्यापीठात ग्रंथालयाचं शिक्षण घ्यायचं होतं. दामोदररावांना दुकानात हात हवा होता. शेवटी बापलेकीत ठरलं की ती आज जिंकली तर तिने शिकायला जायचं, हरली तर पुस्तकं मिटून मशीनवर बसायचं. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. मला वाटतं, आपण काय ठरवून बसलो हे त्यांना तिथे येईपर्यंत कळलं नसावं.

खेळ सुरू झाला. तुंगासमोर मंड्याचा एक तरुण होता. दोघांचे गुण बरोबरीत चालले होते. दामोदररावांचा जीव डोळ्यांत आला होता. त्यांची छाती माझ्याखाली धडधडत होती आणि त्यातला एकही ठोका माझा नव्हता. मी त्यांनी बेतलेला, त्यांनी दोनदा खांदा बसवलेला, त्यांच्या अंगाला चिकटून बसलेलो. आणि ते बघत होते तिच्याकडे, जिने मला दोन फेऱ्यांत गुंडाळलं.

आता मी काय केलं ते खरं सांगतो. माझी तिसरी गुंडी आधीच सैल होती. शेकडो बोटांनी ती काढली-घातली होती. मी दोरा घट्ट धरून ठेवला असता तर ती आणखी तासभर टिकली असती. मी धरला नाही. मी तो सोडून दिला.

शेवटचा प्रश्न आला. तलकाड ही कोणत्या घराण्याची राजधानी होती? पहिला पर्याय होयसळ, दुसरा चोळ, तिसरा कदंब, चौथा गंग. नेमकी तेव्हाच गुंडी लोंबली. दामोदररावांचा हात छातीवर गेला. शिंप्याच्या हाताला गुंडी लोंबलेली खपत नाही, मग समोर काहीही चालू असो. नजर तुंगावर ठेवूनच त्यांनी वरच्या गुंडीपासून चार बोटं आडवी लावून जागा मोजली. दोन गुंड्यांत चार बोटं अंतर, हा त्यांचा माप घ्यायचा रिवाज. चार बोटं छातीवर, आणि समोर तुंगा म्हणाली, “चौथा. गंग.”

उत्तर बरोबर होतं. ते तिला पाठ होतं, ते पुटपुटणं मी अंगावर घेतलं होतं. पण मंड्याच्या तरुणाचा काका ताडकन उठला. मुलीच्या बापाने बोटांनी खूण केली, मी डोळ्यांनी पाहिली, असं तो म्हणू लागला. दिवे तसेच राहिले, कॅमेरे थांबले. कॅमेऱ्यात पाहिलं तर चार बोटं स्वच्छ दिसत होती.

नरसिंहमूर्ती म्हणून एक वयस्क प्राध्यापक तिथे पंच होते. ते पहिल्या रांगेपाशी आले आणि शांतपणे विचारलं, तुम्ही काय करत होता? दामोदररावांना आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर त्यांचे कान लाल झाले. त्यांनी लोंबणारी गुंडी दाखवली, बोटं लावून दाखवली. मग एकदम थांबले. बोटांखालचं कापड त्यांना ओळखीचं लागलं. त्यांनी माझी गळपट्टी उलटी केली आणि लाल दोऱ्याचे तीन टाके पंचांसमोर धरले. “हा कोट माझाच शिवलेला आहे,” ते म्हणाले.

शेवटी मला ओळखलं. दोनशे माणसांसमोर, सगळ्या दिव्यांखाली. मला मोरपंखीचा चेहरा बघायचा होता.

पंचांनी स्वतःची बोटं लावून माझ्या गुंड्यांमधलं अंतर पाहिलं. सगळीकडे चार बोटं. त्यांचा विश्वास बसला आणि ते हसलेही. सहज म्हणाले, एवढा नामी शिंपी, मग गुंडी कशी सैल लागली?

लोक हसले. दामोदररावांनी गुंडी बोटांत फिरवली. दोन फेरे, मान नाही, गाठ डावीकडे. ते मान वर करून तुंगाकडे बघू लागले. तुंगाने खाली पाहिलं. तिलाही कळलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याचा वाकडा टाका पोटात घातला नाही, गिऱ्हाइकासमोर कारागिराला फैलावर घेतलं, तो दोनशे लोकांत कन्नडमध्ये म्हणाला, “गुंडी मीच लावली होती. माझा हात चुकला.”

माझ्यासाठी ते कधी खोटं बोलले नसते. त्या वाक्याचा जेवढा हेवा मला वाटला तेवढा कुठल्याच कोटाचा वाटला नाही.

पंचांनी दोघांनाही निर्दोष ठरवलं. पण बोटं चित्रात आली होती, म्हणून नियमाप्रमाणे तो प्रश्न रद्द झाला. नवा प्रश्न टेनिसचा निघाला. मैदानाची लांबी किती फूट? तुंगाला इंच-इंच माहीत होता, पण शर्टाचा. ती साठ म्हणाली. मंड्याचा तरुण अठ्ठ्याहत्तर म्हणाला आणि जिंकला. टाळ्या वाजल्या. दामोदररावांनीही वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनी माझी गुंडी लोंबत हलत राहिली.

नंतर ते कपड्यांच्या खोलीत आले. चिदंबरला पुढच्या भागाची घाई होती, तो हात पुढे करून उभा होता. दामोदररावांनी त्याला थांबवलं. शर्टाच्या पट्टीत आतून खोचलेली सुई त्यांनी काढली आणि मला मांडीवर घेऊन तिसरी गुंडी लावायला बसले. तुंगा दारात आली.

“हरले अप्पा,” ती म्हणाली. “उद्यापासून मशीनवर बसते.”

त्यांनी सुई खुपसली. चार फेरे घातले.

“गुंडी माझी होती. तुम्हाला कळलं होतं, अल्लवा? हो ना?”

“हात कळतो गं.” त्यांनी मान गुंडाळली, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. “बेडा. मशीन नको तुला. गुंड्या आजपासून मी लावतो. तू वाच.”

तुंगा पुढे आली आणि त्यांनी मला तिच्या हातात दिलं. तिने ती गुंडी ओढून पाहिली. मग मला हँगरवर लावलं, खांदे सरळ केले आणि दोघं निघून गेले. पांढरा शर्टही त्यांच्याबरोबर गेला.

पुढे दोन वर्षांनी कार्यक्रम बंद पडला. मोरपंखी कुणीतरी आवडीने नेला. मी उरलो, म्हणून चिदंबरने मला घरी आणलं. थंडीत बैलकुप्प्याला नातेवाइकांकडे जाताना तो मला घाली. आता त्याचं पोट सुटलंय आणि मी दारामागच्या खिळ्याला असतो. तो अजून दामोदररावांकडेच कपडे शिवतो आणि घरी येऊन तिकडच्या गोष्टी सांगतो, म्हणून मला कळतं. तुंगा एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. दामोदररावांना जाड चष्मा लागला, तरी गुंड्या तेच लावतात. म्हणजे त्या दिवसानंतर जन्मलेल्या प्रत्येक कपड्याला सगळ्याच गुंड्या त्यांच्या हातच्या. चिदंबरचा नवा शर्ट माझ्या शेजारी टांगला जातो तेव्हा मी त्याच्या गुंड्या मोजतो आणि माझं अस्तर जळतं.

मित्रांनो, गुंडी सैल झाली की त्याच दिवशी टाका घाला. उसना कपडा अंगावर आला तर परत देण्याआधी एकदा नीट बघा, कुणीतरी तो मांडीवर घेऊन शिवलेला असतो. आणि हातात धरलेलं काही हेव्यापायी सोडावंसं वाटलं तर माझी आठवण काढा. मी दोरा सोडला हे तुंगाला आजही माहीत नाही. तिला वाटतं, चूक तिच्या दोन फेऱ्यांची होती. दामोदररावांनी ती आपल्या अंगावर घेतली. माझी कुणीच घेतली नाही, म्हणून तुम्हाला सांगितली.

माझ्या पाचांपैकी चार गुंड्या केव्हाच गळून गेल्या. तिसरी अजून आहे.