शिडीचा हार

दसऱ्याच्या सकाळी भाग्यश्री तासभर आधीच केंद्रावर हजर झाली होती. अग्निशमन दलात भरती होऊन तीन महिने झाले, पण गाडीवर पाय ठेवायला मिळाला नव्हता. प्रशिक्षणात ही पोरगी शिडी चढायची ती भल्याभल्यांना मागे टाकून. इथं नाशिकच्या केंद्रावर मात्र भारत सरांनी तिला टेलिफोनवर बसवून ठेवलेलं. सर म्हणजे गाडीचे प्रमुख, चोवीस वर्षांची नोकरी. उठता-बसता एकच पालुपद, "आधी कान तयार होऊ देत, मग हातपाय." आज गाडीवरचा किशोर रजेवर, म्हणून नाइलाजानं त्यांनी फळ्यावर गाडीच्या रकान्यात लिहिलं, 'भाग्यश्री, फक्त आज'. वर बजावलं, "गडबड केलीस तर परत फोन."

दसरा म्हणजे गाडीची पूजा, आणि भाग्यश्री मखमलाबादच्या झेंडूवाल्यांची. आईनं, कलाबाईंनी, दोन क्रेट फुलं धाडली. मग काय विचारता! पोरीनं बंब असा सजवला की नवरदेवानं लाजावं. टपावरच्या शिडीला तर दुहेरी माळ, नायलॉनच्या सुतळीनं करकचून आवळलेली. टेम्पोतून माल जाताना सुटू नये म्हणून कलाबाई मारतात, तीच गाठ. हात सवयीनं चालले, डोकं कुठं चालतंय?

नारळ फुटला आणि फोन खणखणला. पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघर पेटलं होतं, एक आजी बाल्कनीत अडकल्या होत्या. गाडी सुटली, फुलं उधळत. लोक हात जोडत होते, त्यांना वाटलं मिरवणूक!

तिथं जिन्यात धूर कोंडलेला. "शिडी काढा!" सर ओरडले. शिडी हलेना. सुतळी शिडी वर सरकवायच्या दोरात अशी गुंतली होती की सुरी घालावी तर दोरही तुटायचा. सरांनी गाठीकडे बघितलं, मग भाग्यश्रीकडे.

"मेले रे देवा!" म्हणत ती टपावर चढली. दोन्ही हात फुलांत असले की आई बाजारात काय करते, हे तिला आठवावंही लागलं नाही. सुतळी दातांत धरली आणि कचकन तोडली. एक, दोन, तीन! तोंडभर झेंडू, पण शिडी सुटली आणि बाल्कनीला लागली.

गाडीवरचा जवान लखन वर गेला, तर आजी अडून बसल्या. नवसाबाई त्यांचं नाव. "परक्या बाप्याच्या खांद्यावर? मी नाय यायची!" मागं धूर, पण बाई हटेनात.

"तू जा," सर भाग्यश्रीला म्हणाले.

लखन खाली येताच ती सरसर चढली. "चला आजी, मी हाय ना." नवसाबाईंनी तिला निरखलं. "आगं, फुलं काय खातीस?" हसता हसता त्यांनी तिच्या गळ्यात हात टाकले, आणि भाग्यश्रीनं एकेक पायरी सांभाळत त्यांना खाली आणलं. तोवर लखननं जिन्यातून पाइप नेऊन आग विझवली होती.

केंद्रावर परतल्यावर भाग्यश्री आपणहून फोनच्या खुर्चीत जाऊन बसली. चूक ती चूक. भारत सर डस्टर घेऊन फळ्यापाशी गेले. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सरांनी तिच्या नावापुढचं 'फक्त आज' पुसलं. नाव तसंच ठेवलं. मग तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवून म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला हार गाडीच्या तोंडाला घाल. शिडीला हात लावायचा नाही. कळलं?"

"हो सर," ती म्हणाली, आणि दातात अडकलेली झेंडूची पाकळी सरांच्या बुटावर पडली.