झबल्यांचं शेवटचं पाणी

भांडी वाहत्या पाण्याखाली विसळायची असतात, हे साठी उलटल्यावर कुणाला समजावून सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या विहीणबाई सिंकमध्ये प्लास्टिकचा टब ठेवत. त्यात गरम पाणी, साबण, आणि त्या एकाच फेसात आधी पेले, मग ताटं, मग तेलकट कढई. फेसासकट ताट बाहेर काढायचं, फडक्याने पुसायचं आणि थेट मांडणीवर. विसळणं नाहीच! त्यांच्या मुलखात सगळे असंच धुतात म्हणे, आणि सगळे ठणठणीत आहेत. पहिल्या दिवशी त्यांच्या हातचा चहा प्यायले आणि दिवसभर ढेकरांना साबणाचा वास येतोय असा मला भास होत राहिला.

नात तीन महिन्यांची होती. सूनबाई सोमवारी कामावर रुजू होणार होती. घर एवढंसं, त्यामुळे दोन आज्यांपैकी एकीने बाळाजवळ राहायचं आणि दुसरीने रविवारी परतायचं, असं मुलाने आणि सुनेने ठरवलं होतं. कोणी, ते ठरायचं होतं. मला राहायचं होतं. सरळ सांगते, आयुष्यात इतका जीव कशात अडकला नव्हता. तिकडे माझं बंद घर होतं आणि बोलायला भिंती.

विहीणबाई बाळाची झबली, जावयाचे मोजे आणि स्वयंपाकघरातली फडकी एकाच मशीनमध्ये कोंबत. मोजे आणि झबली! बघूनच माझ्या अंगावर काटा आला. पण बोलावं तर भांडण, आणि भांडखोर आजीला कोण ठेवून घेणार? म्हणून मी तोंड बंद ठेवलं आणि हात चालवले. दुपारी सगळे आडवे झाले की कपाटातली घडी केलेली झबली काढायची, बादलीत पुन्हा हाताने धुवायची, तीनदा पाण्यातून काढायची आणि शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाची दोन टोपणं घालायची. त्यानंतर साधं पाणी लावायचं नाही, औषध कापडात मुरलं पाहिजे. मग पंख्याखाली वाळवून घड्या परत कपाटात. माझ्या आईने असंच केलं, मी असंच केलं, आणि माझा मुलगा त्यातच सहा फुटांचा झाला.

दहाव्या दिवशी बाळाच्या मानेला लाल चट्टे उठले. मग काखेत, मांड्यांवर. पोर रडून रडून निळी पडायची. मी मनात म्हटलं, बघा, मोज्यांचा प्रताप. आणि दोनाची तीन टोपणं केली.

शेवटी आम्ही सगळी वरात डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी चट्टे पाहिले, झबल्याची कड चुरगळली आणि विचारलं, "कपडे कशाने धुता?"

"मम्मी धुतात," मुलगा म्हणाला. मम्मी म्हणजे त्याची सासू. "तसे साबणाच्या बाबतीत त्या... म्हणजे, भांडीसुद्धा विसळत नाहीत."

"कपड्यात काहीतरी राहतंय. साबण, सुगंधी पाणी, जंतुनाशक, काहीही असेल. एवढ्याशा कातडीला ते सोसत नाही. नुसत्या पाण्याने भरपूर खळबळून काढा."

जंतुनाशक. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. पण माझा मुलगा सासूकडे बघत होता, सून आईकडे बघत होती, आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी बाळाचं टोपडं सारखं करत बसले.

घरी आल्यावर मुलाचा आवाज चढला. "मम्मी, किती वेळा सांगायचं? विसळा, विसळा, विसळा! आता यापुढे मशीन आईच लावेल." सून आईची बाजू घेईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मम्मी, रविवारी तूच जा." विहीणबाईंना आमची भाषा कामापुरती येते. त्यांनी फक्त मान हलवली आणि सिंकमधला टब उचलून सज्जात नेऊन ठेवला.

माझं काम फत्ते झालं होतं. तरी टोपण हातात घेऊन मी त्याचं माप बघत राहिले. मी स्वतःला समजावलं की तीन टोपणं जास्त होतात, एक पुरे. औषधच ते, विष थोडंच आहे? दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकच टोपण घातलं. आणि काय सांगू, चट्टे फिकटले. तिसऱ्या दिवशी मानेवरचे तर जवळजवळ गेलेच. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे दोष मोज्यांचाच होता, फेसाचाच होता, माझा नव्हता! त्या दिवशी मी विहीणबाईंशी चक्क गोड बोलले.

शनिवारी संध्याकाळी सून आणि मुलगा बाळाला घेऊन खाली फिरायला गेले. मी शेजारणीकडे डोकावून लगेच परत आले, तर न्हाणीघरातून नळाचा आवाज. दार अर्धवट उघडं होतं. विहीणबाई पाटावर बसल्या होत्या, समोर बादली, आणि बादलीत मी दुपारी वाळवून ठेवलेली झबली. एकेक झबलं त्या धो धो नळाखाली धरून खळबळत होत्या, पिळत होत्या, नाकाला लावून वास घेत होत्या आणि पुन्हा नळाखाली धरत होत्या. हुबेहूब माझ्यासारख्या. बोटांची कातडी पांढरी पडली होती.

मी दार ढकललं. त्यांनी वर पाहिलं. घाबरल्या नाहीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डॉक्टरकडून आले तेव्हापासून. रोज."

"तुम्हाला कळलं होतं?"

"वास येतो, ताई. मला नाक आहे."

"मग बोलला का नाहीत? सगळे तुम्हाला बोल लावत होते!"

त्यांनी झबलं पिळलं. पिळताना दात आवळले होते. "कोण ऐकणार? मी टबवाली. मी म्हणणार, ताईंनी केलं. सगळे म्हणणार, ही स्वतःला वाचवते." मग त्यांनी ते झबलं माझ्यासमोर धरलं. "उद्या मी जाणार. सोमवारी हे कोण धुणार?"

लाज म्हणजे काय ते मला त्या ओल्या फरशीवर उभं राहून कळलं. मी राहण्यासाठी पोरीची कातडी सोलवटायला निघाले होते, आणि तीही औषध म्हणून.

रात्रीची ताटं वाढली तरी माझा हात ताटाकडे जाईना. मुलगा म्हणाला, "आई, जेव ना." मी त्याच्याकडे बघितलंच नाही, सुनेकडे बघून सांगितलं. कपाटातली झबली, दुपारची बादली, दोन टोपणं, तीन टोपणं, डॉक्टरकडचं गप्प बसणं. काही वगळलं नाही. चट्टे कोणामुळे गेले तेही सांगितलं. मुलाचा घास हातातच राहिला. सुनेच्या मांडीवर बाळ होतं. तिने त्याला थोडं जवळ ओढलं, एवढंच.

"उद्या मी जाते," मी म्हटलं. "मम्मींना राहू दे."

आणि मी थांबले. खोटं कशाला बोलू, कुणीतरी म्हणेल म्हणून थांबले. असं काय करतेस आई, चूक कुणाचीही होते, राहा. मुलगा ताटात बघत होता.

"गाडी सकाळची बघू का दुपारची?" सुनेने विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"दुपारची बघ," मी म्हटलं. "सकाळी बाळाला आंघोळ घालून जाईन."

सुनेने हो म्हटलं नाही. तिने आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. इतके दिवस ज्या बाईचं धुतलेलं मी लपून पुन्हा धुतलं होतं, तिच्या तोंडाकडे बघत बसले.

विहीणबाईंनी भात कालवला, एक घास खाल्ला.

"घालू दे त्यांना," त्या म्हणाल्या.