कावीळ, रसवाली आणि दादाची मोटार

आमच्या कामात पिवळं पाणी चांगलं आणि पिवळे डोळे वाईट. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की ते पिवळं व्हायला हवं. म्हणजे त्यात क्लोरीन आहे आणि जंतूंची खैर नाही. आरोग्य निरीक्षक म्हणून बावीस वर्षं मी हेच करते आहे, आणि माझं निदान चुकलं असं अजून कोणी माझ्या तोंडावर म्हटलेलं नाही.

त्या गल्लीत महिन्याभरात एकोणीस जणांना कावीळ झाली. सगळ्यांनी बोट दाखवलं ते कोपऱ्यावरच्या रसवालीकडे. शनिवारी संध्याकाळी तिचा गाडा हटवायचा, असं गल्लीच्या कमिटीनं ठरवूनही टाकलं. कमिटीचा अध्यक्ष माझा सख्खा थोरला भाऊ. दोन मुलींना घेऊन ती बाई त्या एका गाड्यावर जगत होती. पण दादा एकदा बोलला की बोलला.

"बाई, मी रोज ग्लास उकळते हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

"ते मी बघते. तुम्ही गाडा जागचा हलवू नका."

वही घेऊन मी घरोघर फिरले. एकोणिसांपैकी अकरा जणांनी तिचा रस कधी चाखलाही नव्हता. त्यात एक तर दीड वर्षाचं पोर. आजारी माणसं मात्र सगळी गल्ली आडवी कापणाऱ्या गटाराच्या पलीकडच्या घरांतली. अलीकडे एकही नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं यालाच म्हणतात.

शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा ते तपासलं. गटाराच्या अलीकडे छान पिवळं. पलीकडे रंगाचा पत्ता नाही. पाइप त्या गटारातून जात होता आणि तिथेच चिरला होता. नुसत्या चिरेतून पाणी बाहेर गळतं. घाण आत शिरते ती कोणी पलीकडून जोरात पाणी ओढलं तर. मी कान दिला. शेवटच्या घरात थेट नळाला जोडलेली मोटार घुमत होती. ते घर दादाचं. तो महागाचा फिल्टर लावून पाणी पितो, म्हणून घरातले सगळे ठणठणीत.

बाबा गेल्यावर मला शिकवलं ते यानंच.

संध्याकाळी गाड्याभोवती माणसं जमली. दादा सर्वांत पुढे. मी सगळ्यांदेखत सांगितलं, की दोष रसाचा नाही, नळाचा आहे. चिरलेला पाइप आणि मोटार. मोटार कोणाची तेही सांगितलं.

"पाइप बदलेपर्यंत पाणी उकळून प्या, साबणानं हात धुवा. एवढं केलंत तर कावीळ या गल्लीतून जाते की नाही बघा!"

दादाचा चेहरा उतरला. "घरी येऊन सांगायचं ना गं," तो हळूच म्हणाला.

"घरी सांगितलं असतं तर मोटार निघाली असती, दादा. पण नाव हिचंच खराब राहिलं असतं."

तो घरी गेला. पाना घेऊन त्यानं मोटार सोडवली आणि दारात आणून ठेवली. मग त्या दीड वर्षाच्या पोराच्या घरी जाऊन बेल वाजवली.

"वहिनी, तुमचं पोर माझ्यामुळे आजारी पडलं," तो म्हणाला. हळू बोलायची त्याला सवयच नाही. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

मी गाड्याला टेकून ढसाढसा रडले. इतका अभिमान मला त्याचा कधी वाटला नव्हता. दादा खाली मान घालून वळला आणि त्यानं शेजारचं दार वाजवलं.